सोजरबाईची ट्रंक

ट्रंकेची किल्ली हरवली आहे, असं सोजरबाईने तिसऱ्यांदा सांगितलं, तेव्हा मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले.

"कधी हरवली?"

"झालं की चार-आठ दिस."

"मघाशी म्हणालात, दिवाळीत हरवली."

सोजरबाईने पदर सारखा केला. "दिवाळीतच आसंल. मला दिस ध्यानात न्हाय ऱ्हात, म्याडम."

दिवाळी होऊन तीन महिने उलटले होते, आणि ट्रंकेच्या कुलपावर धूळ नव्हती. वीटभट्टीवर सकाळी पुसलेली वस्तू दुपारपर्यंत लाल होते. तिथे हे कुलूप असं स्वच्छ राहिलं होतं, म्हणजे त्याला वरचेवर कुणाचा तरी हात लागत होता. मला एवढं पुरेसं होतं.

"तांबोळी," मी म्हटलं, "कुलूप तोडा."

तांबोळी म्हणजे आमच्या ऑफिसातला लिपिक. त्याने एकदा माझ्याकडे, एकदा सोजरबाईकडे बघितलं आणि वीट शोधायला बाहेर गेला. तिथे विटेची कमतरता नव्हती.

ही गोष्ट वीस वर्षांपूर्वीची. मी तेव्हा जिल्ह्याच्या बालविकास कार्यालयात तपासणी अधिकारी होते, आणि माझ्या संशयी स्वभावाची ऑफिसात ख्याती होती. बाकीचे पाठीमागे बोलायचे, तांबोळी तोंडावर म्हणायचा, "बाई, तुम्ही देवळात गेलात तरी देव हजर आहे का ते आधी बघाल, मग हात जोडाल." मला त्याचा राग यायचा नाही, उलट गुदगुल्याच व्हायच्या. आदल्याच वर्षी मी एक वसतिगृह पकडलं होतं. कागदावर चाळीस मुलं आणि तपासणीच्या दिवशी चाळीसच्या चाळीस हजर, तेलपाणी करून भांग पाडलेली. मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं, तुझ्या शेजारी कोण झोपतं? एकालाही सांगता आलं नाही. जवळच्या शाळेतली पोरं जिलबीच्या आशेवर आणून बसवली होती. तेव्हापासून कुठे सगळं नीटनेटकं दिसलं की माझ्या मनात पाल चुकचुकायची.

भीमेच्या काठच्या या भट्टीवरचं केंद्र माझ्याकडे आलं ते याच ख्यातीमुळे. त्या वर्षी जिल्ह्याला पहिल्यांदाच एक निराळा निधी मिळाला होता. मुलांचे हाल होऊ नयेत, त्यांच्याकडे दुर्लक्ष होऊ नये, म्हणून आधीच खर्चायचा सरकारी पैसा. बिडकर साहेबांनी मला फाइल दिली तेव्हा त्यांचा चेहरा काही उत्साही नव्हता.

"आजवर पोर भाजलं, हरवलं, मार खाऊन दवाखान्यात आलं, की मग आपण धावायचो," ते म्हणाले. "आता म्हणतात, आधी धावा. धावतो. पण वरच्यांना दाखवू काय? सोडवून आणलेल्या पोराचा फोटो निघतो, बाई. ज्याला सोडवावंच लागलं नाही त्याचा फोटो कुठून काढू?"

"केंद्र खरं चालत असेल तर तसं लिहीन," मी म्हटलं.

"आणि नसेल तर?"

"तर तसं लिहीन."

"तेच," साहेब म्हणाले. "चांगलं निघालं तर काठावरच्या आणखी सहा भट्ट्यांवर अशीच केंद्रं काढायची आहेत. नाही निघालं, तर या पैशावर डोळा ठेवून बसलेले पुष्कळ आहेत. तेव्हा नीट बघून या."

मी नीट बघायला म्हणूनच न कळवता गेले, आणि नऊला उघडणाऱ्या केंद्रावर सकाळी सातलाच पोचले.

पहिला संशय तिथेच आला. केंद्राची मंजूर वेळ नऊ ते पाच. हजेरीवहीत रोज नऊच लिहिलेले. आणि मी सातला पोचले तर पत्र्याच्या त्या शेडमध्ये बावीस मुलं बसून गूळ घातलेली कण्हेरी पीत होती. सगळी दीड ते पाच वर्षांची. सोजरबाई एकीचं नाक पुसत होती. पन्नाशीची, गावातलीच विधवा बाई. मला बघून तिच्या हातातलं फडकं खाली पडलं.

"ही मुलं इतक्या लवकर इथे कशी?"

"आली. आयांनी सोडली."

"किती वाजता?"

"उजाडायच्या वक्ताला."

"मग वहीत नऊ का लिहिता?"

"सायबांनी नऊच लिवायला सांगितलंया," ती म्हणाली. यात खोटं काही नव्हतं, पण ज्या तऱ्हेने ती दाराकडे बघत होती ते मला आवडलं नाही.

दुसरा संशय वहीचाच. नोव्हेंबरपासून जितकी मुलं पटावर, तितकीच रोज हजर. एक दिवस चुकलेला नाही. लहान मुलांना सर्दी होते, ताप येतो, जुलाब होतात. मजुरांची मुलं तर जास्तच आजारी पडतात. महिनोन् महिने एकही गैरहजर नाही, हे माझ्या नोकरीत मी फक्त बोगस वहीत बघितलं होतं. पण इथे मुलं तर समोर होती, आणि भाड्याने आणलेलीही वाटत नव्हती. सोजरबाई उठली की चारपाच जणं तिच्या लुगड्याला धरून उठायची.

तिसरी गोष्ट मला कोपऱ्यात दिसली. तीनेक वर्षांची एक मुलगी भिंतीला टेकून एकटीच बसली होती. मनकर्णा तिचं नाव, सगळे मनी म्हणत. तिच्या उजव्या पायाच्या घोट्याभोवती एक लाल-काळा वळ होता. सगळीकडून सारखा, बांगडीसारखा गोल. खपली धरत आलेली होती.

"हे काय?"

"पडली व्हती."

"पडून असं लागतं?"

सोजरबाईने खाली पडलेलं फडकं उचलून झटकलं. मी मनीला जवळ घ्यायला हात पुढे केला तर तिने पाय फ्रॉकच्या आत ओढून घेतला. पोरीला कुणीतरी बांधून ठेवलं होतं, हे कळायला मला अधिकारी असायची गरज नव्हती. कुणी, एवढंच शोधायचं होतं. त्या शेडमध्ये दिवसभर तिच्याबरोबर असणारं मोठं माणूस एकच होतं, आणि त्या माणसाची ट्रंकेची किल्ली हरवली होती.

तांबोळीने दोन घाव घातले. कडी निखळली. मी झाकण उघडलं.

वर मुलांच्या औषधाची बाटली होती, एक गुळाची ढेप फडक्यात बांधलेली. त्याखाली दोऱ्या. जुन्या लुगड्यांच्या चिंध्या वळून, वेणीसारख्या विणून केलेल्या दोऱ्या, प्रत्येकीच्या एका टोकाला गाठ मारून केलेला फास. लहान फास, मनगटभर. मी एकेक काढून जमिनीवर ठेवली. एकवीस कापडी होत्या आणि एक सुतळीची. बावीस मुलं, बावीस दोऱ्या. तांबोळीने हातातली वीट खाली ठेवली.

"या कुणाच्या?" मी विचारलं.

सोजरबाई खाली बसली होती. "माज्या म्हना."

"माझ्या म्हणा म्हणजे?"

"माज्या ट्रंकेत घावल्या तर माज्याच की."

"तुम्ही पोरांना बांधता?"

"न्हाय."

"मग या कशाला?"

"त्ये मला सांगता यायचं न्हाय, म्याडम. लेकरांची आन, मी एकाबी लेकराला दोरी लावली न्हाय. पर त्याच्या म्होरलं मला इचारू नगा."

मी विचारलंच. गोडीने विचारलं, दरडावून विचारलं, नोकरी जाईल म्हणून सांगितलं. ती नुसती दोऱ्यांकडे बघत राहिली. निर्दोष माणूस आपली बाजू सांगायला धडपडतो, असा माझा तोवरचा अनुभव होता. ही बाई ताकास तूर लागू देत नव्हती.

दुपारच्या सुटीत आया आल्या. नांदेड-हिंगोलीकडची मंडळी, दरसाल सहा महिने इथे येऊन विटा थापणारी. मी त्यांना एकेक करून शेडच्या मागे बोलावलं. मनीची आई आसराबाई जेमतेम बावीसची, कोपरापर्यंत चिखलाने माखलेली.

"मनीच्या पायाला काय झालं?"

तिने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं. "लागलं असंल, बाई."

"कुणी बांधलं होतं का तिला?"

"न्हाई जी."

मी पिशवीतून एक दोरी काढून तिच्यासमोर धरली. "ही ओळखता?"

ती मान खाली घालून पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. मग म्हणाली, "मावशी चांगली हाय. आमाला दुसरं काई ठाऊक न्हाई."

दुसरीने तेच सांगितलं. तिसरीनेही तेच. शब्दसुद्धा तेच होते, पाठ करून घेतल्यासारखे. दोरी दाखवली की प्रत्येकीचा चेहरा उतरायचा, डोळे जमिनीला लागायचे, आणि मावशी चांगली हाय. मी खूणगाठ बांधली की यांना धाक आहे. सोजरबाई गावची, या परमुलखातल्या. पोर ठेवायला दुसरी जागा नाही, म्हणून सोसतात आणि बोलत नाहीत. सगळं चपखल बसत होतं, आणि ते तसं बसल्याचं मला समाधान वाटत होतं. ते आजही आठवलं की लाज वाटते.

परतताना जीपमध्ये तांबोळी म्हणाला, "बाई, एक बोलू? पोरं तिला घाबरत नव्हती."

"मोठी माणसं घाबरत होती ना."

"ती तुम्हाला घाबरत होती," तांबोळी म्हणाला. मी त्याला समोर बघून बसायला सांगितलं.

अहवाल मी दोन दिवसांत लिहिला. फार चांगला लिहिला. वेळेची खोटी नोंद, संशयास्पद हजेरी, बालिकेच्या घोट्यावरील व्रण, कुलूपबंद पेटीतून जप्त केलेल्या बावीस दोऱ्या, पालकांची भयग्रस्त अवस्था. दोऱ्या सीलबंद करून अहवालासोबत ऑफिसच्या कपाटात ठेवल्या. बिडकर साहेबांनी वाचला आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून आपण पैसे दिले, आणि त्या पैशातून हे," ते म्हणाले. पुढच्या सोमवारच्या बैठकीत केंद्र बंद करायचा निर्णय झाला.

पत्र घेऊन आणि सामान ताब्यात घ्यायला मीच गेले. बरोबर तांबोळी, सुतळीचं बंडल आणि लाखेची कांडी. सरकारी भाषेतलं ते पत्र सोजरबाईने तांबोळीकडून वाचून घेतलं. रडली नाही, भांडली नाही. सतरंज्या, ताटल्या, पाण्याचा पिंप, सगळं पुसून एका बाजूला रचून ठेवलं. मुलं तोवर बाहेर सावलीत बसवली होती. भट्टीच्या मालकाचा माणूस दारातच उभा होता, शेड मोकळी झाली की कोळसा भरायचा होता त्याला.

दुपारची सुटी झाली आणि आया आल्या. या खेपेला मी बोलावलं नव्हतं, सगळ्या एकदम आल्या. मला वाटलं, केंद्र बंद करू नका म्हणून सांगायला आल्या असतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं. आसराबाईला इतरांनी पुढे ढकललं.

"बाई," ती म्हणाली, "आमच्या दोऱ्या तेवढ्या द्या."

"कुठल्या दोऱ्या?"

"मावशीकडं ठिवलेल्या. ट्रंकीतल्या."

"त्या तुमच्या आहेत?"

"मंग कुनाच्या?" मागून एक थोराड बाई म्हणाली. "माझी हिरव्या काठाची हाय. मायच्या लुगड्याची. थोरल्याच्या वक्तापासनं वापरते."

"माझी जांभळी," आणखी एक म्हणाली. "उद्यापासनं लागंल ना, बाई. लेकरू कुटं ठिवावं?"

मी खुर्चीवर बसले. तांबोळी हातातली लाखेची कांडी तशीच धरून उभा होता.

"तुम्ही बांधता मुलांना?" मी विचारलं.

मग आसराबाईच बोलली. आता तिला लपवायचं काही उरलं नव्हतं. "उजाडल्यापासनं थापायला बसावं लागतंय. हजार विटा झाल्या न्हाई तर मुकादम शिव्या देतो. लेकरू उठून चालाया लागतं. तिकडं चिखलाचा खड्डा, इकडं हौद, मागं पेटलेली भट्टी. टिरॅक्टर मागं-म्होरं होतंय. मागल्या साली पल्याड एक लेकरू राखंत गेलं. वरून गार दिसती राख. मंग काय करावं? झोपडीच्या मेढीला बांधावं आन कामाला जावं. बांधलेलं लेकरू रडतंय, पर घावतंय."

"आणि मनी?"

"औंदा आमी मागनं आलो, म्हयनाबी झाला न्हाई. येतानी टिरकात सुतळीनं बांधली व्हती. दुसरं काई नव्हतं. दीड दिसाची वाट." तिने चिखलाचा हात लुगड्याला पुसला. "काचली."

मी सोजरबाईकडे वळले. ती ताटल्या मोजायचं सोडून भिंतीशी बसली होती.

"तुमच्याकडे कशा आल्या?"

"मी मागून घेतल्या," ती म्हणाली. "पयलं पंधरा दिस मी लेकरं बोलवायची. येक दिस यायची, चार दिस न्हाय. जाऊन बघावं तर मेढीला बांधल्याली. दोरी घरात आसली की हात तिकडं जातोच, म्याडम. गडबड आसती, लेकरू हट्ट करतं. मंग मी म्हनलं, दोरी माज्या ट्रंकेत टाकायची आन मंगच लेकरू घ्यायचं. दोरीच न्हाय म्हनल्यावर लेकरू आनावंच लागतंय. ताप आसला तरी आनत्यात. मी घिऊन बसती."

म्हणून हजेरी कधी चुकत नव्हती. म्हणून ती उजाडताच शेड उघडत होती, कारण काम उजाडताच सुरू होत होतं आणि नऊ ही वेळ आमच्या ऑफिसाची होती. मी शोधून काढलेलं सगळं खरं होतं. त्यातला एकही शब्द आजही खोडता येणार नाही.

"हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"तुमच्या हातात पेन व्हतं," सोजरबाई म्हणाली. "दोन सालामागं पल्याडच्या भट्टीवर येक बाई बोलून बसली, हां, मी बांधती म्हनून. जीप आली, लेकरू घिऊन गेली. आई-बापाला परत आनाया सात म्हयनं लागलं. लेकरानं आईला वळखलं न्हाय. मी ह्या सगळ्यांना शबुद दिल्याला, दोरी माज्याकडं दिली की ती कुनाला दिसायची न्हाय."

"आणि तुमच्यावर आळ आला तो?"

"मी म्हनलं, मला काडतील, दुसरी बाई ठिवतील. लेकरांचं चालू ऱ्हाईल." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "सगळंच बंद करताल हे न्हाय माज्या ध्यानात आलं."

त्या दिवशी तिने सांगितलं असतं तर मी काय लिहिलं असतं, हे मी स्वतःला विचारलं. उत्तर लगेच आलं. पालकांकडून बालकांकडे गंभीर दुर्लक्ष, मुलांना बालकल्याण समितीपुढे हजर करावे. तेही इतकंच चांगलं लिहिलं असतं.

"बाई, दोऱ्या," आसराबाई म्हणाली. सुटी संपत आली होती.

"त्या ऑफिसात आहेत. सील केल्या आहेत."

तिला सील म्हणजे काय ते कळलं नाही, पण मिळणार नाहीत हे कळलं. तिची नजर तांबोळीच्या हातातल्या बंडलाकडे गेली. "मंग ती सुतळी तरी द्या थोडी."

"सुतळी नगं," सोजरबाई म्हणाली. "काचती. बघितलंस न्हवं लेकराचं."

मी शेडला सील न लावता परतले. कोळसा तरीही त्याच संध्याकाळी भरला गेला, कारण पत्र गेलेलं होतं. मी सरळ बिडकर साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाले, "पैसे वळले, बाई. परवाच मंजुरी आली. त्यातून जीप घेतायत."

"कशाला?"

"मुलांना सोडवून आणायला." ते माझ्याकडे न बघता बोलत होते. "तुमचा अहवाल इतका बिनतोड होता की बैठकीत कुणी प्रश्नच विचारला नाही. आता पुढच्या हंगामात बघू."

"हंगामाचे अजून अडीच महिने आहेत."

"मला ठाऊक आहे."

"मग त्या दोऱ्या तरी परत द्या."

"पुरावा आहे तो."

"कशाचा, साहेब?"

त्यांनी घंटी वाजवून कपाटाची किल्ली मागवली. वहीत कारण लिहायचं होतं. मी लिहिलं: मुलांच्या खेळाचे साहित्य, परत केले. अकरा वर्षांत लोकांची खोटी कागदपत्रं पकडली होती. माझ्या हातचं हे पहिलं खोटं, आणि ते लिहिताना मला काहीच वाटलं नाही.

पुढच्या हंगामात केंद्र पुन्हा सुरू झालं, वेळ उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत, आणि सोजरबाईच तिथे होती. त्यासाठी मी वर्षभर ज्यांच्या ज्यांच्या दारात बसले त्यांची नावं सांगत बसत नाही. सहा भट्ट्यांपैकी चारच मिळाल्या. पण ते सगळं नंतरचं. मला सांगायची आहे ती दोऱ्या परत मिळाल्या त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

एकवीस दोऱ्या पिशवीत होत्या. मनीची सुतळी मी घेतली नाही. घरी माझं एक जुनं सुती पातळ होतं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. त्याचा लांब पट्टा फाडून मी वेणी घातली, टोकाला फास केला. मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून मला सरकार पगार देत होतं, आणि मी पोर बांधायची दोरी वळत होते. मध्येच उठून मी ती लांब फेकून दिली. मग पुन्हा उचलून आणली. दुसरं काय करता आलं असतं, हे मला वीस वर्षांत सुचलेलं नाही.

उजाडताना भट्टीवर पोचले. झोपड्यांपुढे आया उभ्याच होत्या. प्रत्येकीने आपापली दोरी ओळखून घेतली. कुणी आभार मानले नाहीत, कुणी टोमणाही मारला नाही. सोजरबाई तिथे नव्हती. ती दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेली होती, तिलाही पोट होतं.

आसराबाईचं काम सुरू झालं होतं. कोपरापर्यंत चिखल, साचा हातात, पुढे ओल्या विटांची ओळ. मनी झोपडीच्या दारात उभी होती. मी पिशवीतून शेवटची दोरी काढली.

मनीने माझ्या हातातली दोरी बघितली. ती रडली नाही, पळाली नाही. झोपडीच्या मेढीपाशी गेली, खाली बसली, आणि उजवा पाय माझ्यापुढे लांब केला.

"बांधा बाई," आसराबाई तिकडून म्हणाली. "माझे हात भरलेत. जरा ढिली बांधा."

मी खाली बसले. घोट्याला अजून खपली होती, म्हणून दुसरा पाय मागितला. तिने तो पुढे केला. मी फास घातला, आत बोट फिरेल एवढी जागा ठेवली, आणि दुसरं टोक मेढीला बांधलं. मनीने पाय हलवून बघितला. काचत नाही हे कळल्यावर ती माझ्याकडे बघून हसली.